कोकणात घरगुती राहायला-जेवायला येताय? फोनवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात आमचं घर आहे. मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे अंगण आणि पडवीला लागून पाहुण्यांच्या खोल्या. येण्याआधी लोक फोनवर जे विचारतात ते सगळं इथे लिहून ठेवलं आहे. यातलं बरंचसं मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले, केळशीपासून खाडीपलीकडच्या गुहागर-वेळणेश्वरपर्यंत कुठल्याही घरगुती सोयीला लागू पडेल. जे फक्त आमच्या घरापुरतं आहे ते तसं सांगितलं आहे.

घरगुती सोय म्हणजे नेमकं काय? हॉटेलपेक्षा वेगळं काय असतं?

ज्या घरात तुम्ही उतरता त्याच घरात आम्हीही राहतो. स्वयंपाकघर एकच. घरच्यांसाठी जे शिजतं तेच तुमच्या पानात येतं, फक्त तुम्ही येणार म्हणून त्यात दोन पदार्थ जास्त होतात. मेनूकार्ड नसतं, रात्री अकराला ऑर्डर घेणारा कुणी नसतो.

जेवण माणसं मोजून होतं, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. तुम्ही सात जण सांगितलंत की सात जणांच्या हिशोबाने नारळ फुटतो, भात टाकला जातो, पोळ्यांची कणीक भिजते. ऐनवेळी नऊ जण आलात तरी कुणी उपाशी राहणार नाही, पण तेव्हा घरातल्याच कुणाच्या तरी पानातलं कमी होतं. आणि सात सांगून तिघेच आलात तर उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी कुणाला वाढता येत नाही. म्हणून आकडा बदलला की लगेच कळवा. सकाळी कळवलंत तर काहीच अडत नाही.

बुकिंग कसं करायचं? आगाऊ पैसे द्यावे लागतात का?

फोन करून. मेसेज केलात तरी एकदा बोलून घ्या, कारण नेटवर्क नसलं की मेसेज संध्याकाळी पोचतो. तारीख, माणसं किती, त्यात लहान मुलं किती, येताना जेवणाची वेळ होणार का आणि शाकाहारी की मासे खाणारे, एवढं सांगितलंत की काम होतं.

बहुतेक घरं थोडी आगाऊ रक्कम मागतात. पैसे पाठवण्याआधी प्रत्यक्ष बोला आणि घराची एखादी खूण विचारा: देवळापासून कुठल्या बाजूला, एसटीचा थांबा किती लांब. गावात राहणारा माणूस हे न अडखळता सांगतो. आम्ही ओटीपी कधी विचारत नाही आणि परतावा द्यायचा असेल तर तुम्हाला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगत नाही. कुणी तसं सांगितलं तर तो आमच्यापैकी नव्हे.

दर खोलीचा असतो की माणशी?

दोन्ही पद्धती आहेत. काही घरं माणशी दर सांगतात आणि त्यात चहा, न्याहारी, दोन वेळचं जेवण धरलेलं असतं. काही ठिकाणी खोलीचं भाडं वेगळं आणि जेवण ताटावर. आमच्याकडे दुसरी पद्धत आहे, कारण बरेच जण दुपारी फिरायला जातात आणि बाहेरच जेवतात. विचारताना ‘यात काय-काय धरलंय’ हे स्पष्ट विचारून घ्या. उकडीचे मोदक, आमरस यांसारख्या गोष्टींचे पैसे बहुधा वेगळे असतात. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या घरांना जीएसटीची नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे त्यांच्या बिलात तो दिसत नाही.

रोख थोडी जवळ असू द्या. यूपीआय चालतं, पण रेंज गेली की दोघंही अंगणात मोबाइल उंच धरून उभे राहतो.

कोणत्या महिन्यात यावं?

तुम्हाला काय हवं त्यावर आहे. हवा छान हवी असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री पांघरूण लागतं, दुपार सुसह्य असते आणि वाडीत बसून राहावंसं वाटतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर मिळतात. वर्षातला हा थोडकाच काळ असतो. काजू फोडताना निघणाऱ्या चिकाने बायकांच्या बोटांची सालं जातात, तेव्हा ती वाटीभर उसळ तुमच्यापुढे येते. महाग वाटली तर हे आठवा. एप्रिल-मे आंब्याचे. उकाडा भयंकर असतो, दुपारी घामाच्या धारा लागतात, तरी हापूस, करवंदं, जांभळं, फणस एकाच वेळी पाहायचे असतील तर याच दिवसांत या. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटीवर नाव हापूस म्हणून आतला आंबा हापूस असतोच असं नाही. घरच्या कलमाचा, आढीत पिकलेला आंबा हवा असेल तर यायच्या आठवडाभर आधी सांगा, म्हणजे तुमच्या दिवसांना तयार होईल असा काढून ठेवता येतो.

जून ते सप्टेंबर पाऊस. समुद्र खवळलेला असतो, आत जाता येत नाही, वीज जाते, कपडे वाळत नाहीत. तरीही मला विचाराल तर कोकण पावसातच पाहावं. भातलावणी चालू असते, व्हाळ भरून वाहतात, कौलांवरचा पाऊस ऐकत पडवीत बसता येतं. टाकळा, भारंगी, कुर्डू या रानभाज्या तेव्हाच मिळतात. गर्दी नसते, त्यामुळे घरातल्या माणसांशी नीट बोलणं होतं.

गणपतीत आणि शिमग्यात मात्र आधी विचारल्याशिवाय येऊ नका. मुंबई-पुण्याचे आमचे भाऊबंद घरी येतात, प्रत्येक खोली भरते आणि बरीच घरं त्या दिवसांत पाहुणे घेत नाहीत. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार दोन-तीन महिने आधी भरलेले असतात.

जेवणात काय असतं?

आमचं घर शाकाहारी आहे. रोजच्या ताटात पोळी किंवा तांदळाची भाकरी, एक फळभाजी, एक उसळ किंवा पातळ भाजी, आमटी, भात, चटणी-कोशिंबीर, सोलकढी आणि शेवटी ताकभात. हंगामाप्रमाणे बदलतं: कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, अळूचं फदफदं, केळफुलाची भाजी, कुळथाचं पिठलं. न्याहारीला दडपे पोहे, घावन, आंबोळी, थालीपीठ, मऊभात-मेतकूट यांतलं काहीतरी.

काही पदार्थांसाठी आधी सांगावं लागतं, आणि त्यामागे कारण आहे. वालाचं बिरडं घ्या. कडवे वाल आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे. दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. दहा माणसांचं बिरडं म्हणजे दोघींची दुपार. मग खोबरं, गूळ, आमसूल घालून ते शिजायला अर्धा-पाऊण तास. म्हणून ‘आज रात्री बिरडं करा’ म्हटलं तर आम्हाला नाही म्हणावं लागतं. दोन दिवस आधी म्हणालात तर आनंदाने.

आंबोळीचं पीठ रात्रभर आंबावं लागतं, त्यामुळे ती आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा. घावनाला आंबवणं नाही, ते सकाळी सांगितलंत तरी चालेल. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी माणसं आणि मोदक दोन्ही आकडे सांगा. उकड गरम असतानाच मळावी लागते आणि मोदक वाफेवरून उतरवल्यावर दहा मिनिटांत पानात पडला पाहिजे, त्यावर साजूक तूप. त्या दिवशी एकाच वेळी सगळे जेवायला बसलात तर फार बरं. अर्धे समुद्रावर आणि अर्धे पानावर असं झालं की चांगल्या मोदकाचं मातेरं होतं.

हळदीच्या पानातले पातोळे श्रावण-भाद्रपदात, फणसाची सांदणं मे-जूनमध्ये. बाकीच्या महिन्यांत मागू नका, तेव्हा त्यातला जीव गेलेला असतो.

मासे मिळतील का?

आमच्या स्वयंपाकघरात नाही. गावातच खारवी आणि भंडारी समाजाच्या घरांमध्ये उत्तम मासे मिळतात. तुम्ही सकाळी सांगितलंत तर आम्ही त्या घरी निरोप देतो, तुम्ही तिथे जाऊन जेवायचं. त्यांचा दर त्यांचा, आम्ही मध्ये काही घेत नाही.

कोणता मासा मिळेल हे आदल्या दिवशी कुणी सांगू शकत नाही. होडीला जे लागलं आणि हर्णैच्या किनाऱ्यावर लिलावात जे परवडलं ते त्या दिवशी शिजतं. सुरमई-पापलेटचा हट्ट धरलात तर पैसे जास्त जातात आणि कधी बर्फातला मासा पानात येतो. त्यापेक्षा ‘आज ताजं काय आहे’ असं विचारा. ताजा बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, खाडीतली कोळंबी खाल्लीत तर पापलेटची आठवणही येणार नाही.

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. माशांच्या विणीचा हंगाम असतो आणि समुद्रही धोक्याचा. त्या दोन महिन्यांत खाडीतलं थोडंफार आणि सुकी मासळी. बरेच कोळी बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा केल्याशिवाय होडी लोटत नाहीत. शिवाय सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी अशा दिवशी कित्येक घरी मासे शिजत नाहीत. तुमचा मुक्काम दोनच दिवसांचा असेल आणि तुम्ही खास माशांसाठीच येत असाल तर आधी दिनदर्शिका बघा.

आम्ही चिकन आणून वाडीत भाजलं तर चालेल का? आणि दारू?

आमच्याकडे दोन्ही चालत नाही. स्वयंपाकघरात देव आहेत, घरात लहान मुलं आहेत आणि रात्री साडेनऊनंतर शेजारी झोपलेले असतात. किनाऱ्यावर ज्यांना हे सगळं चालतं अशी रिसॉर्ट भरपूर आहेत. तुमची सुट्टी तुमच्या मनासारखी व्हावी असंच आम्हाला वाटतं, म्हणून हे फोनवरच सांगतो.

जेवणाच्या वेळा काय? उशीर झाला तर?

न्याहारी साडेआठपर्यंत, दुपारचं साडेबारा ते दोन, रात्रीचं आठ ते नऊ. चहा केव्हाही मागा.

प्रवासात उशीर होतो हे आम्हाला माहीत आहे. घाटात गाडी अडकली, जेट्टीवर रांग लागली तर फोन करा, झाकून ठेवू. फोन नसेल तर नऊनंतर आम्ही वाट बघतच बसतो आणि काळजी करतो, कारण शेवटचा रस्ता वळणावळणाचा आणि दिव्यांशिवाय आहे.

लहान मुलं, पथ्याची माणसं, उपास, जैन जेवण यांचं काय?

मुलांसाठी तिखट घालण्याआधी आमटी-भाजी वेगळी काढून ठेवतो, हे सांगायचीही गरज नाही. दूध गावातलं असतं, ते वेळेवर लागत असेल तर सांगून ठेवा. तान्ह्या बाळाची पावडर आणि औषधं मात्र घरूनच आणा, गावातल्या दुकानात नेमका तो ब्रँड मिळेलच असं नाही.

मधुमेह असेल तर आमच्या आमट्यांत गूळ असतो हे लक्षात ठेवा आणि आधी सांगा. शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असेल तर ती फोनवर सांगा आणि आल्यावर स्वयंपाकघरात येऊन पुन्हा सांगा. दोनदा सांगितल्याने कुणी रागावत नाही. नारळ अजिबात चालत नसेल तर मात्र ताट फारच उणं होईल, तरी वरण-भात-तूप-भाजी आहेच.

उपासाला वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. कांदा-लसणाशिवायचं जेवण आमच्याकडे सहज होतं. कंदमूळ न खाणाऱ्यांनी आदल्या दिवशी सांगावं.

खोल्या कशा आहेत? एसी आहे का?

साध्या, स्वच्छ. पलंग, पंखा, मच्छरदाणी, खोलीला लागून संडास-बाथरूम, कमोड आहे. दोन खोल्यांना एसी आहे, बाकीच्यांना नाही. घर जांभ्या दगडाचं आणि कौलारू आहे, त्यामुळे मे सोडला तर एसीची गरज फारशी पडत नाही. आंघोळीचं पाणी सकाळी बंबात तापतं. सोलरही आहे, पण पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही.

टॉवेल आणि अंथरूण-पांघरूण आम्ही देतो. टॉर्च, मच्छर पळवायचं मलम, समुद्रावर घालायचे जुने कपडे तुम्ही आणा. वाळूने भरलेले पाय आत येण्याआधी अंगणातल्या नळावर धुवा, एवढं एक काम कराच.

वीज आणि मोबाइलचं काय?

इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाही. वादळी पावसात वीज बराच वेळ येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता.

रेंज कंपनीवर अवलंबून आहे. घरून काम करायचा विचार असेल तर तुमच्याकडे कोणतं सिम आहे ते सांगा, खोलीत चालतं का ते आम्ही खरं सांगू.

वाडीत इतकी लहान झाडं का आहेत?

हा प्रश्न येऊन गेलेले पाहुणे विचारतात. निसर्ग वादळात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबा-पणजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत गेल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर ती दोन वेळा शिंपायची, सावली धरायची. त्या मधल्या वर्षांत या किनाऱ्यावरच्या अनेक घरांना पाहुण्यांनीच तगवलं. तुम्ही देता त्या पैशातून वाडीत रोपं लागतात, हे तुम्हाला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

पिण्याचं पाणी कुठलं?

घरच्या विहिरीचं, गाळून आणि प्युरिफायरमधून काढलेलं. उकळून हवं असेल तर सांगा. बाटल्या विकत घेऊन येऊ नका, रिकाम्या बाटल्या इथून उचलायला रोजची घंटागाडी येत नाही. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, तेव्हा शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करा.

ओळखपत्र लागतं का?

हो, प्रत्येक मोठ्या माणसाचं. आधारची प्रत द्यायला संकोच वाटत असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार आधारच्या संकेतस्थळावरून मिळतं, ते चालतं. सोबत परदेशी पाहुणे असतील तर आधी सांगा, कारण ते आल्यापासून २४ तासांच्या आत आम्हाला ऑनलाइन कळवावं लागतं. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती हवी.

लग्न न झालेल्या जोडप्याला खोली मिळते का? एकटी बाई आली तर?

दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहण्याला कायद्याची बंदी नाही. पण घर ज्याचं त्याचं असतं आणि काही घरांतली वडीलधारी माणसं नको म्हणतात. दारात आल्यावर वाद होण्यापेक्षा फोनवर सरळ विचारा. आमच्याकडे अडचण नाही.

एकट्या येणाऱ्या मुली आणि बायका आमच्याकडे नेहमी येतात, आणि त्या आल्या की घरातल्या बायकांना विशेष आनंद होतो. कुणी स्वयंपाकघरात पाटावर बसून गप्पा मारतं, कुणी दिवसभर पुस्तक वाचतं. रात्री किनाऱ्यावर एकटीने जाऊ नका असं मी सांगते, आणि ते पुरुषांनाही सांगते.

यायचं कसं?

मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने महाडमार्गे खेड, तिथून दापोली. पुण्याहून बरेच जण ताम्हिणी घाटाने माणगावला उतरतात आणि पुढे आंबेत-मंडणगडमार्गे येतात. पावसाळ्यात घाटांत दरडी येतात, वरंध घाट तर अनेकदा बंद असतो, म्हणून निघण्याच्या दिवशी चौकशी करा.

रेल्वेने आलात तर खेड स्टेशन. तिथून दापोली साधारण ३० किलोमीटर, आणि दापोली स्थानकातून गावोगावच्या एसट्या सुटतात. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत. संध्याकाळी गावात येणारी वस्तीची गाडी रात्री इथेच थांबते आणि पहाटे परत निघते. परतीच्या प्रवासाला तिच्यासारखी दुसरी सोय नाही, जागा हमखास मिळते.

खाली गुहागरकडे जायचं असेल तर दाभोळ-धोपावे आणि वर श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडे जायचं असेल तर वेसवी-बागमांडला अशा फेरीबोटी आहेत, त्यांवर गाडीही चढते. रस्त्याने खाडीला मोठा वळसा पडतो, तो वाचतो. रात्री बोट नसते.

समुद्रात पोहता येईल का?

येईल, पण विचारून. हे उत्तर कृपया पूर्ण वाचा.

आमचा किनारा दिसायला सपाट आणि शांत आहे. भरती चढत असताना कमरेइतक्या पाण्यात खेळायला हरकत नाही. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा चांगले पोहणारेही दमतात. खाडीच्या मुखाजवळ तर कधीच उतरू नका, तिथे वरून वाळू आणि खाली भोवरा असतो. जून ते सप्टेंबर पाण्यात जायचंच नाही. सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात.

भरतीची वेळ काढायची जुनी पद्धत आमच्याकडे लहान मुलांनाही येते. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. थोडा फरक पडतो, पण अंदाजाला पुरेशी आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, भरती जास्त वर येते आणि ओहोटी जोरात ओढते.

आणि गाडी वाळूत घालू नका. ओल्या वाळूवर ती सुरुवातीला छान धावते, मग एका ठिकाणी चाक रुततं, आणि तासाभरात पाणी दारापर्यंत येतं. ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढेपर्यंत मीठ इंजिनात गेलेलं असतं. शिवाय त्याच वाळूत कासवांची घरटी असतात.

कासवांची पिल्लं कधी बघायला मिळतात?

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालते, ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम उभं केलं. पूर्वी अंडी चोरीला जायची, आता गावकरीच ती जपतात आणि पाहुण्यांना घरी उतरवून घेतात. ज्यांना कोकणातली घरगुती सोय पहिल्यांदा अनुभवायची आहे त्यांना मी आधी वेळासला जा म्हणते. आंजर्ल्यालाही घरटी असतात.

पिल्लं सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी सोडतात. ती त्या दिवशी निघतील याची खात्री कुणी देत नाही, त्यामुळे दोन रात्रींचा मुक्काम ठेवा. दोरीच्या पलीकडे जायचं नाही, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. मुलांना हे घरूनच समजावून आणा.

साप-विंचवाची भीती आहे का?

हा जांभ्याचा मुलूख, इथे फुरसं आहे, मण्यारही आहे. सावधगिरी साधी आहे: रात्री अंगणात टॉर्चशिवाय जाऊ नका, चपला झटकून घाला, दगडांच्या गडग्यात हात घालू नका, ओले कपडे जमिनीवर टाकू नका. साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. हातपाय न हलवता रुग्णालयात न्यायचं. आम्ही गाडी काढतो, १०८ ला फोन करतो. लाल विंचवाच्या दंशावर आता चांगला उपचार आहे, आणि त्यात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम मोठं आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पूर्वी या भागात विंचवाने मुलं दगावायची.

कुत्रा आणता येईल का?

नाही. आमची गाय आणि मांजरं आहेत.

घरी काय नेता येईल?

आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ, मेतकूट, ओली सुपारी, नारळ. बरंचसं गावातल्या बायका घरी करतात. आगळात मीठ असतं आणि सरबताच्या कोकमात साखर, घेताना दोन्हींत गल्लत करू नका: सोलकढीला आगळच हवं. निघायच्या आदल्या रात्री यादी द्या, सकाळी बांधून ठेवते.

यायचं रद्द झालं तर?

आठ दिवस आधी कळवलंत तर पैसे परत. त्यानंतर ते पुढच्या वेळेसाठी जमा ठेवतो. आजारपण, घरातलं मयत, बंद पडलेला घाट यांसाठी कुठलाही नियम लावत नाही, फक्त फोन करा.

इथे नसलेलं काही विचारायचं असेल तर फोन केव्हा करावा?

दुपारी तीन ते पाच सगळ्यात चांगलं, मागचं आवरलेलं असतं आणि रात्रीची तयारी सुरू झालेली नसते. सकाळी आठ ते दहा न्याहारीची गडबड असते, तेव्हा उचलला नाही तर पुन्हा करा. फोन आजींनी घेतला तर थोडं मोठ्याने बोला, आणि तारीख तिथीसह सांगितलीत तर त्या बरोबर लिहून ठेवतात.